चार रिकाम्या मात्रा

अहो,

पत्राची सुरुवात 'प्रिय' अशी करतात म्हणे. आठ वर्षांच्या संसारात मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही, नावानं तर हाक मारलीच नाही. मग बारा वर्षांनी आता कुठून जमायचं? अहोच बरं.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. सोमवारी सकाळी दहाच्या आत मला एका कागदावर सही करायची आहे. आज शनिवार, दुपारचे दोन वाजलेत. गुलमंडीच्या दुकानातून अर्धी रजा टाकून आलेय. कागद पंख्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर चष्म्याचं घर ठेवलंय. आणि आपली पोरगी सकाळी माझ्याशी भांडून बाहेर पडलीय ती अजून आलेली नाही. सात वेळा फोन लावला. उचलत नाही. काय करावं, हे ज्याला विचारावं असं दुसरं कुणी मला नाही.

संबोधी अकरावीला आहे. तुम्ही गेलात तेव्हा चार वर्षांची होती, तुमचे बूट घालून फरशीवर फटक फटक चालायची. आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. नाक तुमचं, हट्टही तुमचाच. तिनं संगीत विषय घेतलाय. हो, संगीत! तिच्या शाळेत अकरावी-बारावीला तो घेता येतो. पेटी वाजवते. विहारातल्या पेटीवर आपली आपणच बोटं फिरवायला लागली होती, शाळेतल्या सरांनी ऐकलं आणि म्हणाले, हिला विषयच घेऊ द्या.

मी किती विरोध केला म्हणून सांगू! घरात आठवडाभर अबोला होता. रागाच्या भरात मी तिला म्हणाले, "संगीत घेऊन काय करणार? वरातीपुढं बँड वाजवणार का?"

मी म्हणाले हे! बँडवाल्याची बायको! तुमच्या फोटोकडे दोन दिवस बघवलं नाही मला.

तरी तिनं घेतलाच. यात नुसतं वाजवणं नसतं बरं का. एक परीक्षा वाजवायची, एक लेखी. तालाच्या मात्रा, टाळ्या, रागाचे चढ-उतार सगळं चौकटी आखून लिहायचं. आणि तिसरी म्हणजे स्वतः चाल बांधायची, ती स्वरांत लिहून द्यायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढं वाजवायची. आमच्या घरात आता कशालाच नुसता आवाज म्हणून राहता येत नाही. परवा कुकरची शिट्टी झाली तर म्हणते, "आई, आपला कुकर काळी दोनमध्ये वाजतो." मी म्हटलं, वाजू दे, डाळ शिजली म्हणजे झालं. तुम्ही असता तर तिची बाजू घेतली असतीत.

आता कागदाचं सांगते. चालीबरोबर तो जोडायचा आहे. वर तिचं नाव, खाली छापलंय: 'सदर रचना माझ्या पाल्याने स्वतः केलेली असून ती अन्य कोणाचीही नाही.' त्याखाली पालकाची सही. एवढंच. कोणीही डोळे मिटून करील.

पण ती चाल तुमची आहे हो!

दिवाळीनंतरची गोष्ट. केस वाळवत दारात बसली होती आणि गुणगुणत होती. मी आत भांडी घासत होते. हातातलं पातेलं तसंच राहिलं, नळ वाहात राहिला. तुम्ही लग्नाला निघण्याआधी उंबऱ्यात बसून क्लॅरिनेटची रीड, ती बोटभर पातळ पट्टी, जिभेवर ओली करायचात, बसवायचात आणि एकच ओळ वाजवायचात, तीच ती. कुठल्या गाण्याची नव्हती. मी नवी नवरी असताना विचारलं होतं, "कोणतं गाणं हो हे?" तुम्ही म्हणालात, "गाणं नाय गं, रीड बघतोय." प्रत्येक बँडमास्तराची रीड बघायची स्वतःची एक ओळ असते, हे मला तेव्हा कळलं. आठ वर्षं लग्नसराईत रोज सकाळी ती ऐकली. किती वेळा ओरडले असेन तुमच्यावर, "बास करा ते, पोरगी उठंल!" आणि पोरगी उठायचीच. उठून तुमच्या मांडीवर येऊन बसायची.

मी बाहेर येऊन विचारलं, हे काय गं म्हणतेस? तर डोळे असे चमकले तिचे! "आई, माझी चाल आहे. आपोआप सुचली. सर म्हणाले, वयाच्या मानानं लई पक्की आहे."

खोटं बोलत नव्हती. तिला आठवतच नाही काही. चार वर्षांच्या लेकराला काय आठवणार? पण कुठंतरी राहिलंय. मला आधी आनंद झाला, एवढा की पदराला डोळे पुसले. मग भीती वाटली. ही चाल तुझ्या बापाची आहे असं सांगितलं, तर ती विचारणार, बाबा काय वाजवायचे? आणि मग मला सगळंच सांगावं लागणार.

कारण मी तिला सांगितलेलं नाही. तुमच्यापुढं आज कबूल करते. तुम्ही गेल्यावर क्लॅरिनेट आणि लाल डगला बँडच्या मालकाकडे परत गेला, तो त्यांचाच होता. मी मुकुंदवाडीत खोली घेतली. शाळेत नाव घालताना बाईंनी विचारलं, वडील काय करत होते? मागं रांगेत बायका उभ्या. माझ्या तोंडून निघालं, "वाळूजला कंपनीत." पावसाळ्यात चार महिने तुम्ही तिथं पॅकिंगला जायचात, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं, अशी मनाची समजूत घातली. मग तेच चालू राहिलं. डगल्यातला तुमचा एकुलता एक फोटो ट्रंकेत साड्यांच्या खाली गेला. भिंतीवर लावला तो ओळखपत्राचा, मोठा करून घेतलेला.

मला तुमची लाज वाटत नव्हती. खरंच नव्हती. पण देवगाव रंगारीला माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तुमचाच बँड होता, आठवतं? मी पाहुण्यांच्या पंगतीत बसले होते आणि तुम्ही मांडवामागं उभे. कोणीतरी म्हणालं, "बँडवाले मागनं जेवतील." तुम्ही हसलात आणि रीड पुसत राहिलात. तुम्हाला सवय होती. मला तो घास गिळता आला नाही. माझ्या पोरीला हे कधी ऐकावं लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या नादात मी तुम्हालाच मागं उभं केलं, हे मला फार उशिरा कळलं.

मग मी गप्प बसले. दोन महिने. ती विहारात जाऊन तास तास ती ओळ वाजवायची, पुढं तिनं अंतरा बांधला. परीक्षकांनी विचारलं, कशी सुचली, तर? आणि परीक्षकांत कोणी तुमच्या ओळखीचं निघालं तर? पोरीला चोर म्हणतील का? रात्र रात्र हेच.

त्यात एक दिवस वही घेऊन आली, तोंड पाडून. तिनं चाल सोळा घरांच्या चौकटीत लिहिली होती, पण मधली चार घरं कोरी. सूर लांबवायचा असला तर तिथं रेघ काढतात म्हणे. हिनं रेघही काढली नव्हती. सर म्हणाले, "इथं काय आहे?" ही म्हणाली, "काहीच नाही सर, इथं थांबायचं असतं." सर म्हणाले, "का पण? पेटीला काय दम लागतो का?"

ती मला विचारत होती, "आई, मला सांगता येत नाय, पण तिथं थांबल्याशिवाय ती चाल होतच नाय. सरांना कसं पटवू?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबला. पेटीला दम लागत नाही हो. तुम्हाला लागायचा. पहिली सात वर्षं ती ओळ सरळ जायची, पाण्यासारखी. शेवटच्या वर्षी छातीनं धरलं आणि तुम्ही मध्येच थांबायला लागलात. खोकायचात, श्वास घ्यायचात आणि मग राहिलेली ओळ पुरी करायचात. पोरगी तुमच्या मांडीवर बसून वाट बघायची. तिनं तीच ऐकली. तिला वाटलं, चालच तशी आहे.

एक रागाची गोष्ट बोलू? डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुंकायचं बंद. तुम्ही मान हलवलीत, "व्हय व्हय" केलंत, आणि चौथ्या दिवशी बिडकीनच्या वरातीला गेलात. मी दारात आडवी झाले होते. म्हणालात, "एवढंच लग्न." ते तुमचं शेवटचंच ठरलं. मी अजून तुम्हाला त्याची माफी दिलेली नाही, सांगून ठेवते.

मागच्या रविवारी रशीदभाई आले. तेच तुमच्या शेजारी ट्रम्पेट धरणारे. दाढी पांढरी झालीय, धाकट्या मुलीच्या निकाहची पत्रिका घेऊन आले होते. एवढ्या वर्षांनी घर शोधून आले हो. मी चहा ठेवला, आणि आतल्या खोलीत ही गुणगुणायला लागली. रशीदभाईंनी बशी खाली ठेवली. "भाभी, ये तो मास्टर का है!"

मी डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बच्ची को मालूम नहीं? कायकू भाभी? आदमी मर गया तो क्या, पूरा पोंछ डालते क्या?"

चहा तसाच ठेवून गेले. चांगला माणूस, पण असं बोलून गेला की सहा दिवस तेच मनात घोळवतेय.

काल शाळेतून हा कागद आला. आज सकाळी मी पेन घेऊन बसले. नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि हात थांबला. संबोधी म्हणाली, "कर ना आई, एवढं काय वाचतेस?" मी ट्रंक उघडली, साड्या बाजूला केल्या आणि तुमचा डगल्यातला फोटो तिच्या हातात दिला. सांगितलं सगळं. बँड, रीड, ओळ, खोकला, रशीदभाई, कंपनीचं खोटं.

मला वाटलं होतं, रडेल, माझ्या गळ्यात पडेल. कशाचं काय! ती पांढरीफटक पडली.

"म्हणजे माझं त्यात काहीच नाय?"

"अगं, पुढचा अंतरा..."

"तुला दोन महिने माहीत होतं! मी सरांना सांगत फिरले, मला सुचली, मला सुचली. तू ऐकत बसलीस!" मग फोटो बघत म्हणाली, "आणि बारा वर्षं. शाळेत बाबांवर निबंध लिहिला मी. कंपनीवर लिहिला. तू त्याच्यातल्या चुका पण तपासून दिल्यास, आई."

खरं आहे. दिल्या होत्या. वेलांट्या सुधारल्या होत्या.

फोटो आणि वही घेऊन चपला घालून निघून गेली. आता सांगा, मी काय करू? सही केली तर खोटी, नाही केली तर तिचं वर्ष. आणि ती आहे कुठं? विहारात जाऊन आले, कुलूप आहे. मैत्रिणीकडे नाही. तुम्ही असतात तर सायकल काढून

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. आली! वाक्य अर्धंच राहिलं, राहू द्या.

आता सात वाजलेत. मधलं सांगते.

रशीदभाईंकडे गेली होती. पत्रिकेवरचा नंबर बघून फोन केला, पत्ता विचारत एकटी गेली. त्यांनी जेवू घातलं, तुमच्याबद्दल तासभर बोलले. तिनं त्यांना अंतरा ऐकवला, विचारलं, हा पण बाबांचाच का? ते म्हणाले, "नहीं बेटा. मास्टर एक लाइन से आगे कभी गयाच नहीं. रीड देखी, के बरात शुरू." मग तिथूनच तिनं सरांना फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. मला विचारलं नाही. हे धाडस तिच्यात कुठून आलं? माझ्यात तर नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाले, वडिलांची ओळ म्हणून लिही, कागदावरचं वाक्य खोडून खरं लिही, आईची सही घे. चालेल का ते परीक्षक ठरवतील. मार्क अंतऱ्यापुरतेच मिळतील, कदाचित तेवढेही नाहीत. आणि परीक्षेत आधी मूळ ओळ वडील वाजवायचे तशी वाजवून दाखव, मग तुझी.

"मूळ म्हणजे खोकल्याच्या आधीची," ती मला म्हणाली. आवाजात अजून राग होता. "त्या चार मात्रांत काय होतं? रशीदकाकांना नाय आठवत. ते म्हणाले, भाभीला विचार, रोज तीच ऐकायची."

वही उघडून पेन धरून माझ्यासमोर बसली. "म्हण."

मी! जिनं जन्मात पाळणा धड म्हटला नाही! डोळे मिटून सुरुवात केली. पहिली आठ घरं आली. मग थांबले. परत म्हटलं, परत तिथंच थांबले. मला पुढं तुमचा खोकलाच ऐकू यायचा. पाच वेळा, सहा वेळा. शेवटचं एक वर्ष आधीच्या सातांवर चढून बसलंय हो. मला रडू फुटलं. म्हटलं, बोधी, नाही आठवत. मीच बंद करा बंद करा म्हणत होते, मला कसं आठवेल?

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "ऐकताना तू काय करत असायचीस?"

"काय करणार? तुझ्या बाबांच्या डब्याच्या भाकरी थापायची."

ती उठली. दुपारी चार वाजता, कुणाला भूक नाही, काही नाही, परात काढली, पिठाचा डबा काढला, माझ्यापुढं ठेवला. "थाप."

मी पीठ मळलं. गोळा घेतला, थापायला लागले. पहिली भाकरी नुसतीच झाली. दुसरीला थाप थाप हात चालायला लागला, आणि तोंडातून ओळ निघाली, मला न विचारता. आठ घरं झाली आणि हात थांबला नाही, तर तोंडही थांबलं नाही. आलं! काही मोठं नव्हतं. वरून तीन पायऱ्या खाली आणि परत पहिल्या सुरावर. एवढंच होतं तिथं. सात वर्षं एवढंच तर वाजवत होतात!

"परत," ती म्हणाली. परत म्हटलं. "परत." अकरा भाकरी झाल्या. तिनं चार घरं भरली, पेन्सिलनं, मग पेनानं. पुढं पानावर मान घालून बसली आणि हुंदके देऊन रडली. सकाळचं सगळं तेव्हा निघालं. मी पिठाच्या हातानंच तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं. अजून पूर्ण बोलत नाही माझ्याशी, कामापुरतं बोलते. मीही घाई करत नाही.

कागदावर तिनं छापलेलं वाक्य खोडून लिहिलंय: 'पहिली ओळ माझ्या वडिलांची. ते क्लॅरिनेट वाजवत. अंतरा माझा.' आणि दोन्ही ओळी लिहिल्यात, तुमची भरलेली आणि तिची चार घरं कोरी ठेवलेली. सरांनी विचारलं तर सांगणार आहे, मी ऐकली ती अशी. मी वाचून खाली सही केली. अक्षर वाकडं आलंय, पण सही खरी आहे.

काळजी गेली असं समजू नका. परीक्षक कसे असतील कोण जाणे. खाडाखोड बघून कागद परत केला तर? आणि सगळ्यात मोठी धास्ती वेगळीच आहे. त्या चार मात्रा मी बरोबर सांगितल्या का? एखादा सूर माझ्या पदरचा तर गेला नाही ना? आता तपासायला कोणी नाही. चूक असेल तर ती माझ्या नावावर लिहा, तिच्या नको.

एक वचन देते. सोमवारी मी शाळेच्या फाटकाशी उभी राहणार आहे. कोणी विचारलं, वडील काय करायचे, तर ती सांगायच्या आधी मी सांगेन, मोठ्यानं, रांगेतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं. आणि रशीदभाईंच्या मुलीच्या निकाहला आम्ही दोघी जाणार आहोत. तिथं बँड आहे. ते लोक जेवायला बसेपर्यंत मी पानावर बसणार नाही.

जयभीम.

तुमची,
सुनंदा